फुटाला पाव इंच

कूलरमधली जुनी खस उपसून नवी भरायला माणूस आला की माझा मार्च सुरू होतो, कॅलेंडर काय म्हणायचं ते म्हणो. पाणी सोडलं की वाळ्याचा तो ओला, मातकट वास घरभर फिरतो. बाहेर कडुनिंब आपली पिवळी पानं अशी टाकत असतो की झाडणारी बाई दिवसातून दोनदा त्याला शिव्या घालते. समोरच्या फ्लॅटमधली पोरगी गॅलरीत येरझाऱ्या घालत त्रिकोणमितीची सूत्रं घोकते, आणि त्यातलं एक रोज चुकीचं म्हणते. मी रोज ठरवते की नाही बोलायचं. भोपाळच्या बाग सेवनियात राहायला येऊन इतकी वर्षं झाली, शाळेतली नोकरी संपूनही झाली, पण मार्चमध्ये कुणी सूत्र चुकलं की माझी जीभ काही केल्या स्वस्थ बसत नाही. शेवटी काल ओरडलेच, "अगं, साइन वर असतो, कॉस खाली!" ती दचकली बिचारी.

यंदा खसच्या वासाबरोबर चौघं आली. आमच्या गटातली आजची चौघं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. सगळी पंचविशीच्या आतबाहेरची. त्यांना बाहेरगावचं बोलावणं आहे आणि तिथल्या पत्रकात छापायला गटाचा इतिहास हवाय. त्यातली मराठी पोरगी म्हणाली, "मॅम, तुम्हीच तर आहात ना स्टार्टिंगच्या. बस एक पान लिहून द्या. कधी बनला, किसने बनाया, कोण कोण होतं, इतकंच." मी म्हटलं, एक पान ना, मग काय, बसल्या बैठकीत देते. पस्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यात, एका पानाचं काय घेऊन बसलात.

आठ दिवस झाले. पानावर एकच ओळ आहे: 'कारखान्याच्या वसाहतीतल्या चौघांनी हा गट सुरू केला.' ओळ खरी आहे. पण ती वाचली की मला आमची केमिस्ट्रीची लॅब दिसते, बिनपाठीची उंच स्टुलं दिसतात, आणि पुढची ओळ सुचायची ती राहूनच जाते.

गोविंदपुऱ्याच्या बाजूला कारखाना, आणि कारखान्याभोवती वसाहत. रस्ते सरळ, क्वार्टर्स एकसारखी, झाडं एका अंतरावर लावलेली. लग्न होऊन नागपूरहून आले तेव्हा महिनाभर मी रोज चुकीच्या घराचं कुलूप उघडायला जायची. सगळ्यांचं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा. भोंगा झाला की वरण चुलीवरून उतरायचं. आमचे हे टर्बाइन विभागात आणि मी वसाहतीच्या शाळेत गणिताला. वडिलांनी लहानपणी व्हायोलिन शिकवलं होतं, मांडी घालून, आपल्या रागदारीचं. पेटी माळ्यावर पडून होती.

ती खाली उतरवली कुरियनसाहेबांमुळे. डिझाइन विभागातले मोठे इंजिनियर, केरळचे, लहानपणी चर्चमध्ये व्हायोलिन शिकलेले. बारीक, टक्कल पडलेले, आणि इतके हळू बोलणारे की पुढे वाकून ऐकावं लागे. हा माणूस ऑफिसात दिवसभर यंत्रांची ड्रॉइंग काढायचा आणि घरी येऊन त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूला संगीत लिहायचा. जुनं कुणाचं नाही, स्वतःचं. चार वाद्यांसाठी. त्याला कुणीही विचारलेलं नव्हतं, कुणी वाजवणार नव्हतं, तरी लिहायचा. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी मला वाजवताना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी एक जाडसर व्हायोलिन घेऊन दारात उभे. "मॅडम, ये वायोला है. वायोलिन का बड़ा बहन. तुम बजाएगा." विचारलं नाही, सांगितलं.

दुसरं व्हायोलिन रिझवीभाईंचं. कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होते, घर जुन्या शहरात. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये वाजवलं होतं आणि त्याची लाज तर सोडाच, अभिमान होता. सायकलवरून सात मैल यायचे, पेटी पाठीला बांधून. यायचे तेच खास भोपाळी थाटात ओरडत, "को खां, शुरू कर दिया क्या हमारे बगैर?"

तिघं झालो, दर रविवारी शाळेच्या केमिस्ट्री लॅबमध्ये जमायला लागलो. गुडघ्यांत उभा धरून वाजवायचा, सगळ्यांत खालच्या सुरांचा चेलो मात्र नव्हता. अख्ख्या भोपाळात विकत मिळत नव्हता, वाजवणारा तर लांबच राहिला. साहेबांनी लिहिलेल्या कागदांवर सगळ्यांत खालची ओळ रिकामी वाजायची. आम्ही तिघं वाजवायचो आणि चौथीच्या जागी साहेब पायाने ठेका धरायचे. वर्षभर असंच चाललं. आमचे हे एकदा ऐकायला बसले आणि अर्ध्या तासाने विचारलं, "अजून सूर लावणं चाललंय, की सुरू झालंय?" मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते संगीत कळत नव्हतं. त्यात गुणगुणावं असं काही नसे. एक सूर यायचा, त्याला खेटून दुसरा, दोघांचं पटायचं नाही, तसेच शेजारी शेजारी उभे राहायचे. आणि मग कुठल्यातरी क्षणी असं काहीतरी व्हायचं की माझ्या दंडावर काटा यायचा. का आला ते सांगता यायचं नाही. गणितात असं चालत नाही, म्हणून मला त्या संगीताची जरा भीतीच वाटायची.

चौथे आले लांजेवारजी. नामदेवजी लांजेवार, भंडाऱ्याकडचे. पॅटर्न शॉपमधले सगळ्यांत जुने कारागीर. पॅटर्न शॉप म्हणजे जिथे यंत्राच्या भागाचा आधी लाकडी नमुना करतात. तो वाळूत दाबून साचा होतो आणि साच्यात पोलाद ओततात. वसाहतीच्या भजनी मंडळात ते दिलरुबा वाजवायचे, म्हणजे हातात गज धरायची सवय. साहेबांनी त्यांच्यासमोर चेलोचं ड्रॉइंग उलगडलं, सगळी मापं टाकलेलं, फॅक्टरीच्या पद्धतीने तीन बाजूंनी काढलेलं. लांजेवारजींनी चष्मा वर केला, खाली केला. "हे तं मोठा दिलरुबा झाला जी. लाकूड कोन्तं?"

परदेशातून यंत्राचे भाग यायचे त्यांची पाइनची खोकी भंगाराच्या लिलावात निघत. तिथून रीतसर फळ्या घेतल्या. तो झाला पुढचा भाग. मागचा आणि बाजूचा सागवानाचा, गावाकडून आणलेला. दिवाळीला सुरुवात केली आणि संक्रांतीला एका रविवारी, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, ते चादरीत गुंडाळलेलं वाद्य घेऊन आले. चादर काढली. आम्ही तिघं उभे राहिलो. खरोखर उभे राहिलो, कुणी मोठं माणूस खोलीत यावं तसे. लाकूड अजून पिवळं होतं, वॉर्निशचा वास ॲसिडच्या वासात मिसळला होता, आणि फळीच्या एका कोपऱ्यात खोक्यावरचं परदेशी अक्षर अर्धवट राहिलं होतं. खोडायचं राहिलं का विचारलं तर म्हणाले, "राहू द्या. लाकडाचं बी गाव असते."

साहेबांनी तार छेडली. तो आवाज छातीतच आला, कानात नंतर. रिझवीभाईंनी "या अल्लाह" म्हटलं आणि त्या दिवशी पुढे एकही विनोद केला नाही. त्या आवाजाचं मला आजही नवल वाटतं, की खोक्याच्या फळीत हे होतं? इतकी वर्षं त्यात बोल्ट-नट येत होते!

चेलो वाजवायला साहेबांनी त्यांनाच शिकवलं. दुसरं होतं कोण? सत्तावन्न-अठ्ठावन्न वय, बोटं खरखरीत, नोटेशन वाचता येत नव्हतं; साहेबांनी त्यांच्यासाठी आकडे घालून दिले. ते पहिल्या दिवसापासून त्याच वाद्यावर शिकले, त्यामुळे बोटांची अंतरं त्यांना जी सापडली तीच खरी वाटली. वर्षभराने असे वाजवायला लागले की साहेबांनी त्यांच्यासाठी नवीन रचना लिहिली. तीन भागांची, 'दुसरी शिफ्ट' नावाची. त्यात सगळ्यात खालची ओळ रिकामी नव्हती, उलट सगळं तिच्यावरच उभं होतं. कार्यक्रम ठरला मार्चच्या शेवटच्या रविवारी, कारण एकतीसला, सोमवारी, लांजेवारजी रिटायर होऊन गावाला जाणार होते. आमचा पहिला कार्यक्रम आणि त्यांचा शेवटचा.

तो मार्च. काय सांगू तुम्हाला. शाळेत बोर्डाची परीक्षा, कारखान्यात मार्च एंडिंग, आमचे हे ओव्हरटाइम करून येऊन ताटावरच डुलक्या घेत. बाहेरच्या मैदानात सावर लाल फुलली होती आणि तिची फुलं पडताना धप्प आवाज यायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलं दचकून खिडकीकडे बघायची. दुपारी वारा सुटायचा आणि पर्यवेक्षण करताना मी उत्तरपत्रिकांवर डस्टर ठेवत फिरायची. आणि चेलोची सगळ्यांत बारीक तार तुटायची. एकदा तुटली, बदलली. पुन्हा तुटली. तारा मुंबईहून पोस्टाने यायच्या, पंधरा-पंधरा दिवस लागायचे. कार्यक्रमाला दोन आठवडे असताना तिसरी तुटली. आता एकच उरली होती.

त्या रविवारी साहेब चेलोची घोडी तपासत होते, खुंट्या तपासत होते. मला स्वस्थ बसवेना. फळ्यावरच्या भूमितीसाठीची शाळेची लाकडी मोजपट्टी उचलली आणि म्हटलं, साहेब, तुम्ही ड्रॉइंगवरचा आकडा सांगा, मी वाद्य मोजते. ते सांगत गेले, मी मोजत गेले. प्रत्येक माप मोठं येत होतं. थोडंसंच. मी फळ्यावर भागाकार मांडला. एक केला, दुसरा केला, तिसरा केला, आणि मला गंमत वाटायला लागली. सगळीकडे तेच गुणोत्तर! मी खडू आपटून ओरडले, "अहो, काय सुंदर आहे हे! प्रत्येक माप अठ्ठेचाळिसाला एकोणपन्नास आहे! मानेपासून पोटापर्यंत, एकही सुटलेलं नाही. फुटाला बरोब्बर पाव इंच जास्त! म्हणून तारेवर ताण येतोय!"

मला वाटलं, शाबासकी मिळेल. मागे वळले तर लांजेवारजींचा चेहरा पांढराफटक.

त्यांनी पिशवीतून स्वतःची पोलादी मोजपट्टी काढली आणि माझ्या पट्टीला लावून टेबलावर ठेवली. सुरुवात जुळवली. दोन्ही पट्ट्यांवर एक ते बारा आकडे. बाराच्या रेघा जुळत नव्हत्या. मध्ये पाव इंच जागा होती.

मला तोवर माहीतच नव्हतं. ओतलेलं पोलाद थंड होताना आक्रसतं. म्हणून लाकडी नमुना मुळातच तेवढा मोठा करायचा असतो, आणि दरवेळी हिशेब नको म्हणून पॅटर्न शॉपमधल्या मोजपट्टीवरचा फूटच मोठा असतो. चाळीस वर्षं त्यांच्या हातात तीच. घरी दुसरी नव्हती. चेलो त्यांनी तिनेच मोजला. पोलादासाठीची वाढ लाकडाला दिली.

"बाप्पा," इतकंच म्हणाले आणि स्टुलावर बसले.

रिझवीभाईंनी वातावरण हलकं करायला पाहिलं. "अमां लांजेवार भाई, थोड़ा सेहतमंद हो गया तो क्या हुआ? खाते-पीते घर का है." कुणी हसलं नाही. ते स्वतःही हसले नाहीत.

मग लांजेवारजींनी आम्हाला त्यांच्या शॉपचा दस्तूर सांगितला. चुकलेला पॅटर्न ठेवायचा नसतो. नुसता बाजूला ठेवला तरी उद्या कुणीतरी अजाणता उचलतो, त्यावरून ओतकाम करतो, आणि मग एका चुकीच्या पन्नास चुका होतात. म्हणून ज्याने केला त्यानेच आपल्या हाताने फोडायचा, त्याच दिवशी. कुणी रागवत नाही, कुणी काही बोलत नाही. फक्त फोडायचा. "चाळीस वर्षांत माह्यावर ही पाळी आली नाई," ते म्हणाले. "आता जाता जाता आली."

"लेकिन बजता है ना!" साहेब पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

"वाजते तं वाजू द्या जी. माप चुकलं म्हंजे चुकलं." मग पोलादी पट्टी पिशवीत ठेवत, "तुमचा कार्यक्रम हाय म्हनून थांबतो. एकतीसला सकाळी फोडतो, मग शॉपवर जातो. चुकलेला पीस मागं ठिवून मी शॉपमधून निघत नाई."

घरी आले आणि रडले. मला कुणी सांगितलं होतं मोजायला? आणि मोजलं तर मोजलं, असं नाचत सांगायला? आयुष्यभर मी मुलांच्या वहीतल्या चुकांना गोल केले, आणि ते करताना मुलाच्या तोंडाकडे किती वेळा पाहिलं, देव जाणे. ह्यांनी समजूत काढली, "तू नसतं सांगितलं तरी तार तुटलीच असती." ते खरं होतं. त्याचा काही उपयोग नव्हता.

दोन दिवसांनी त्यांच्या क्वार्टरवर गेले, माफी मागायला. ते शिफ्टला गेले होते. लांजेवारकाकूंनी बसायला पाट दिला. चांगला ऐसपैस पाट. मी बसले आणि माझ्या मनात जे आलं तेच त्यांच्याही मनात होतं, कारण त्या पदराआड हसायला लागल्या. "पाट पाहून राहिल्या ना? पोळपाट बी पाहा. देव्हारा बी. पोरीचा पाळना बी तसाच होता. लग्नापासून मी म्हनतो, या घरी समदं थोडंसं मोठंच काहून?" आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि मग काकूंच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. "रात्री जेवत नाईत जी ते. भिंतीकडं तोंड करून पडतेत. मॅडम, त्याईले फोडू नका देऊ. ते वाद्य नाई फोडत, सोताले फोडून राहिले."

पुढच्या रविवारी साहेब आले ते ठरवूनच. एकच तार उरलीय, ती तुटता कामा नये. चेलो वर येऊ शकत नाही, तर आपण तिघं खाली जाऊ. अर्धा सूर खाली लावा सगळे. लांजेवारजी ताडकन उठले, "माह्या चुकीपायी तुमी खाली याचं? नाई जमत." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. कुणाला कधी हात न लावणारा माणूस!

मी व्हायोलाच्या खुंट्या सैल केल्या. मनाविरुद्ध, कारण वाटलं, तारा लुळ्या पडतील, आवाज मरेल. वडील म्हणायचे, ताणाशिवाय सूर नाही. आणि मग आम्ही चौघांनी एकच सूर धरला, पहिला, लांब. मला तो प्रसंग अजून नीट सांगता येत नाही. माझ्याच वाद्यातून माझ्या ओळखीचा नसलेला आवाज आला. जाड, शांत, जरा उन्हात तापलेला. रिझवीभाईंचं व्हायोलिन, जे नेहमी बँडसारखं पुढे पुढे करायचं, ते मागे सरकलं. आणि चेलो कुठे संपतो, मी कुठे सुरू होते, कळेना. वर्षभर जे सूर नुसते एकमेकांना खेटून उभे होते ते आता एका खोलीत राहत होते. काचेच्या कपाटातल्या बाटल्या बारीक थरथरत होत्या. सूर संपला तरी आम्ही कुणी गज उचलला नाही. मी देवभोळी नाही, सांगून ठेवते. पण त्या लॅबमध्ये चौघांशिवाय पाचवं काहीतरी होतं, आणि ते खूप मोठं होतं, आणि आमची चूक त्याला चालत होती.

लांजेवारजी खाली चेलोकडे बघत बसले होते. माझी आशा जरा वाढली. जाताना त्यांनी वाद्य चादरीत गुंडाळलं आणि मला म्हणाले, "एकतीसचं तसंच हाय बरं मॅडम." आशा गेली.

कार्यक्रमाचा हॉल म्हणजे शाळेचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर, म्हणून बाकं हलवायची नाहीत असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. त्यामुळे आमचे श्रोते परीक्षेच्या बाकांवर बसले, एका बाकावर एक, समोर खडूने रोल नंबर लिहिलेला. क्रेन चालवणारे, फोरमन, नर्सबाई, काकू, आमचे हे. आणि त्या बाकांचा गुण असा की सगळे आपोआप गप्प झाले. कुणी मागे वळून बघेना. एकाने तर सवयीने खिशातून पेन काढून बाकावर ठेवलं.

'दुसरी शिफ्ट' सव्वीस मिनिटांची. पहिल्या भागात चेलो एकटा सुरू होतो, एकच खालचा सूर, हलत नाही. त्यावर आम्ही एकेक येतो. मला वाजवताना फार काही आठवत नाही. लांजेवारजींची बोटं आठवतात. लाकूड तासून तासून टोकं चपटी झालेली. ती त्या वाढीव अंतरांवर अशी पडत होती की एकही सूर शोधावा लागत नव्हता. त्या मापाचं वाद्य साऱ्या जगात एकच होतं आणि ते वाजवू शकणारा माणूसही एकच, आणि उद्या सकाळी त्यातलं एक नसणार, हे डोक्यात येत होतं आणि मी मोजत होते, एक दोन तीन चार, कारण मोजलं नाही तर रडले असते. तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळे एकेक करून थांबतात आणि चेलो पुन्हा एकटा उरतो. तो सूर त्यांनी इतका लांबवला की गजाला संपायला जागा उरली नाही.

कुणी टाळी वाजवेना. मागून क्रेनवाला हळूच म्हणाला, "खत्म हो गया क्या?" रिझवीभाईंनी आदबीने मान लववली, "जी, खत्म." तेव्हा कुठे टाळ्या. आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हा टर्बाइनवाला माणूस बाकावरचा रोल नंबर बोटाने पुसत बसला होता आणि डोळे भरलेले. घरी जाताना एवढंच म्हणाला, "मोठी मशीन बंद केल्यावर ती लगेच थांबत नाही, बराच वेळ फिरत राहते. तेव्हा शॉपमध्ये जे वाटतं ना, ते होतं हे." आणि मी म्हणत होते या माणसाला संगीत कळत नाही!

सोमवारी साडेसहालाच निघाले. आठला पेपर होता. रस्त्यावर पानांचा खच, झाडणाऱ्या बायका अजून यायच्या होत्या. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा पाठ केलं आणि दहाही वेळा विसरले. फाटकातून दिसलं की व्हरांड्यात खाट टाकलीय. खाटेवर चेलो आडवा. उशाशी हातोडा. काकू दारात उभ्या, तोंडाला पदर लावून.

लांजेवारजी चेलोवर वाकले होते. कारखान्यात जायचे धुतलेले कपडे घालून, शेवटच्या दिवसाचे. हातात शेजारच्या पोरीच्या दप्तरातली लाकडी फूटपट्टी, कानाला पेन्सिल. माझी चाहूल लागली तरी वर पाहिलं नाही.

"आल्या का मॅडम? बरं झालं. एकट्यानं टोक धरनं अन् लिवनं होऊन नाई राहिलं. ही साधी पट्टी हाय बरं. पाहून घ्या."

मी पाहिलं. साधीच होती. "लांजेवारजी," मी म्हटलं, "फोडणार होतात ना?"

"फोडाले बसलो होतो." त्यांनी हातोड्याकडे पाहिलं. "मंग ध्यानात आलं, आता कसा फोडू? चुकलेला पॅटर्न ओतकामाच्या आंधी फोडाचा असते. काल तं ओतकाम झालं जी. तुमी तिघं याच्यावरून ओतले गेले. अन् बराबर बसले. पास झालेल्या कामाचा पॅटर्न फोडत नाईत." मग चेलोच्या पोटावरून हात फिरवला, लाकडाचा कण पुसावा तसा. "मी भंडाऱ्याले जाईन. आज ना उद्या हे लाकूड बी जाईन. मागून येनाऱ्या कोन्याले दुसरा करा लागन, तं त्याच्यापाशी ड्रॉइंग पाह्यजे का नाई? साहेबाचं ड्रॉइंग आता चालत नाई. धरा टोक."

मी खाटेशी गुडघे टेकले आणि पट्टीचं टोक धरलं. समोर धूसर दिसत होतं. काकूंनी त्या शेजारच्या पोरीच्या वहीचा एक कागद आणून माझ्या हातात दिला. लांजेवारजींनी पेन्सिलीने खुणा करत करत चेलोचं पोट वरपासून खालपर्यंत मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि मग बोलले.

"लिवा. पोटाची उंची. तीस इंच, वर तीन सूत."

मी लिहिलं, तीस पूर्णांक तीन अष्टमांश इंच. खाली रेघ मारली.

"पुढचं सांगा," मी म्हटलं.